सकाळच्या वाटीतली पन्नासची गोळी

इंदूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ५९, यजमान ६५ वर्षांचे, निवृत्त. एप्रिल २०२१ मध्ये त्यांचे धाकटे दीर कोरोनाने आठ दिवसांत गेले. तेव्हापासून घरात रोज सकाळी चहाबरोबर गोळ्यांची वाटी ठेवली जाते. तीत झिंकची ५० मिलिग्रॅमची गोळी, व्हिटॅमिन सी आणि एक मल्टिव्हिटॅमिन असतं. त्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही २० मिलिग्रॅमच्या आसपास झिंक आहे. यजमानांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि मेटफॉर्मिन चालू आहे. सकाळी मळमळतं म्हणून दोन वर्षांपासून ते पित्ताची गोळीही घेतात. अलीकडे पायांना मुंग्या येतात. पाच वर्षांच्या नातवाला सून पावसाळाभर झिंकचं सिरप रोज एक चमचा देते. पुण्याचा धाकटा मुलगा म्हणतो, "आई, हे सगळं थोतांड आहे, फेकून दे." यजमान म्हणतात, "इतक्या वर्षांत आपल्याला काही झालं का? मग?" ताई विचारतात: "बंद केलं आणि कुणाला काही झालं, तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. वाद नको म्हणून गुपचूप त्यांच्या वाटीत झिंकऐवजी कॅल्शियमची गोळी ठेवली तर चालेल का?"

ताई, नमस्कार.

तुम्ही विचारलंय झिंकबद्दल, पण मी अडकले ते एका वेगळ्याच वाक्यापाशी. रात्री बाथरूमला उठल्यावर यजमान भिंतीला हात लावून जातात, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि "शुगरमुळे असेल" म्हणून पुढे गेलात. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळ्याला वेळ आहे, याला नाही.

मधुमेहाने पायांच्या नसा बिघडतात, हे खरंच आहे. पण तुमच्या घरात आणखी दोन कारणं समोर दिसताहेत. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की शरीरातलं बी-१२ कमी होऊ शकतं, आणि पित्ताची गोळी त्यात भर घालते. दुसरं कारण ही पन्नासची गोळी. एवढं झिंक महिनोन्‌महिने पोटात गेलं की शरीरातलं तांबं उतरतं. तांबं फार उतरलं तर पायांना मुंग्या, बधिरपणा आणि अंधारात तोल जाणं ही लक्षणं येतात. ती बी-१२च्या कमतरतेशी इतकी मिळतीजुळती असतात की नुसतं बघून दोन्हींतला फरक कळत नाही.

हे होतं कसं, ते समजून घ्या, म्हणजे यजमानांनाही सांगता येईल. झिंक भरपूर आलं की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ते धरून ठेवणारं एक प्रथिन जास्त बनवायला लागतात. हे प्रथिन झिंकपेक्षा तांब्याला अधिक घट्ट धरतं. अस्तरातल्या पेशी तीन-पाच दिवसांत गळून पडतात आणि धरलेलं तांबं त्यांच्याबरोबर शौचावाटे निघून जातं. जेवणातून तांबं येतं, पण रक्तापर्यंत पोचत नाही. विल्सन नावाच्या आजारात शरीरात तांबं साचत जातं आणि त्यावर झिंकच औषध म्हणून दिलं जातं, ते याच कारणाने. म्हणजे जे तिथे मुद्दाम घडवतात, ते तुमच्या स्वयंपाकघरात नकळत घडत असण्याची शक्यता आहे.

तांबं कमी झाल्याचा परिणाम नसांपुरता थांबत नाही. हिमोग्लोबिन उतरतं, आणि जंतूंशी सर्वांत आधी भिडणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. ज्यासाठी गोळी सुरू केली, तेच दुबळं होतं. वेळीच कळलं तर रक्त काही आठवड्यांत सुधारतं. नसांचं तसं नाही. त्यांची हानी कधी कधी पूर्ण भरून येत नाही, म्हणून मी एवढा आग्रह धरतेय.

तर झिंकची ५० ची गोळी उद्यापासून बंद करा, तुमचीही आणि त्यांचीही. ती हळूहळू कमी करावी लागत नाही. याच आठवड्यात यजमानांना डॉक्टरांकडे न्या आणि घरातली प्रत्येक स्ट्रिप पिशवीत घालून सोबत घ्या, जीवनसत्त्वांचीसुद्धा. "डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं कोणती?" असं विचारलं की आपण ही नावं सांगत नाही, आणि नेमकं तिथेच निदान चुकतं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी-१२, रक्तातलं तांबं, सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) या तपासण्यांबद्दल तुम्हीच विचारा. झिंकची पातळीही बघता येते, पण साध्या तापानेसुद्धा ती खाली-वर होते, म्हणून त्या एका आकड्यावर फार भिस्त ठेवू नका.

सकाळच्या मळमळीचंही बघा. उपाशीपोटी झिंक घेतलं की मळमळणं अगदी नेहमीचं आहे. त्या मळमळीवर पित्ताची गोळी आली. पित्ताची गोळी रोजची झाली की बी-१२ शोषलं जाण्यात अडथळा येतो. एक गोळी दुसरीला घरात घेऊन आली, आणि दोघींनी मिळून पाय बिघडवले असतील. झिंक थांबवल्यावर पंधरा दिवस मळमळ किती राहते ते लिहून ठेवा. पित्ताची गोळी चालू ठेवायची की नाही, हे डॉक्टरांना ठरवणं त्यामुळे सोपं जाईल.

आता तुमच्या मुलाचं "थोतांड". हे मला मान्य नाही, आणि तुम्हीही मानू नका. झिंक म्हणजे आपलं जस्त. माणसाला ते लागतं आणि ते कमी पडलं तर काय होतं, हे जगाला दाखवून दिलं बिहारमधल्या बक्सरच्या डॉ. आनंद प्रसाद यांनी. १९५८ मध्ये ते इराणमधल्या शिराझला होते. तिथे त्यांच्यासमोर २१ वर्षांचा एक तरुण आला, दिसायला जेमतेम दहा वर्षांचा. वाढ खुंटलेली, रक्त अतिशय कमी, आहारात जवळपास नुसती रोटी, वर माती खायची सवय. पुढे इजिप्तमधल्या अशाच रुग्णांच्या अभ्यासातून स्पष्ट झालं की हे मुख्यतः जस्ताच्या कमतरतेमुळे होतं. यांतली बरीच मुलं पंचविशी गाठण्याआधीच कसल्या ना कसल्या संसर्गाने दगावत. छातीतल्या थायमस ग्रंथीचं एक संप्रेरक जस्ताशिवाय काम करत नाही आणि संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी तयार होण्यात त्याचा वाटा असतो, हेही नंतर समजलं. याच प्रसादांनी २००७ मध्ये ५५ ते ८७ वयाच्या ५० जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभर रोज ४५ मिलिग्रॅम झिंक घेणाऱ्यांना संसर्ग कमी झाले. अभ्यास छोटा आहे आणि त्या वयात जस्त आधीच कमी असण्याचं प्रमाण बरंच असतं, पण तो बाजूला सारून मी तुमच्याशी बोलणार नाही.

या सगळ्यातून मला जे समजतं ते असं. खड्डा असेल तर तो भरल्याने माणूस सावरतो. खड्डा भरल्यावरही माती टाकत राहिलो तर ढिगारा होतो, आणि तो पायांत येतो. "प्रतिकारशक्ती वाढवणारं" हे शब्द जाहिरातीत चांगले वाटतात, पण ही शक्ती म्हणजे गच्चीवरची टाकी नव्हे, की भरत गेलं की पातळी चढेल. ती गरजेपेक्षा जास्त चाळवली तर अ‍ॅलर्जी होते, संधिवातासारखे आजार होतात. तिला हवं असतं पुरेसं.

मग पुरेसं म्हणजे किती? आपल्याकडे आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितलेली रोजची गरज प्रौढ पुरुषाला १७ आणि स्त्रीला १३.२ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत हेच आकडे ११ आणि ८ आहेत. आपल्याकडे जास्त का, तर आपलं जेवण धान्य-कडधान्यांचं, आणि त्यांतलं फायटेट नावाचं द्रव्य जस्ताला बांधून ठेवतं. दिवसाची कमाल मर्यादा मात्र दोन्हीकडे ४० आहे, जेवण धरून. ही ४० कुठून आली तेही ऐका. काही स्त्रियांना जेवणाव्यतिरिक्त रोज ५० मिलिग्रॅम झिंक दिलं, तेव्हा दहा आठवड्यांत तांब्यावर चालणाऱ्या एका एन्झाइमचं काम मंदावलेलं दिसलं. तुमची गोळीही ५० चीच आहे आणि तुम्ही ती दहा आठवडे नाही, कित्येक वर्षं घेताय.

तुम्ही यजमानांचं रोजचं जेवण सविस्तर लिहिलंत, त्यावरून मी ढोबळ हिशेब मांडला. सहा पोळ्यांची कणीक, म्हणजे १८० ग्रॅमच्या आसपास, त्यातून ५ मिलिग्रॅम. वरण किंवा उसळ, दोन्ही वेळचं मिळून २. दूध-दही-ताक धरून दीड-दोन. पोह्यांवरचे शेंगदाणे, चटणी, भाजीतलं कूट यांचं मिळून एक-दीड. झालं दहाच्या आसपास. त्यांना कमी पडत असेल तर काही मिलिग्रॅम पडत असेल. मधुमेहात लघवीवाटे जस्त थोडं जास्त जातं, म्हणून त्यात आणखी थोडं धरू. तूट फार तर सात-आठची, आणि आपण टाकतोय सत्तर. ही तूट जेवणातून बहुतेक भरून निघते, आणि डॉक्टरांना गरज वाटलीच तर मल्टिव्हिटॅमिनमधलं झिंक तेवढ्याला पुरून उरतं.

स्ट्रिपवरचा आकडा वाचतानाही एक लक्षात ठेवा. झिंक सल्फेट, झिंक ग्लुकोनेट असं लिहिलेलं असेल तर तो क्षाराचा आकडा असू शकतो. "एलिमेंटल झिंक" यापुढचा आकडा खरा. २२० मिलिग्रॅमच्या झिंक सल्फेटच्या गोळीत खरं झिंक ५०च असतं, आणि ग्लुकोनेटमध्ये तर वजनाच्या सातव्या हिश्श्याइतकं.

आता यजमानांचा मुद्दा, "आपल्याला काही झालं का?" त्यांना हसू नका, रागावूही नका. एप्रिल २०२१ मध्ये इंदूरच्या दवा बाजारासमोर रेमडेसिव्हिरसाठी लागलेल्या रांगा ज्याने पाहिल्यात, त्याला कळतं की त्या दिवसांत हाताशी काहीतरी असणं किती मोठं वाटत होतं. घरीच उपचार घेणाऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर व्हिटॅमिन सी आणि झिंक सर्रास असायचं. गोळी तुम्ही मनाने शोधून काढली नव्हती. पण त्याच वर्षी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ओहायो आणि फ्लोरिडातल्या २१४ कोरोना रुग्णांना दहा दिवस झिंक, मोठ्या मात्रेत व्हिटॅमिन सी, दोन्ही, किंवा फक्त नेहमीचे उपचार असं वाटून दिलं होतं. लक्षणं लवकर कमी होण्यात काही फरकच दिसेना, म्हणून तो अभ्यास मध्येच थांबवला गेला. साध्या सर्दीचं म्हणाल तर २०२४ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने आजवरचे प्रयोग एकत्र तपासले. सर्दी होऊच नये म्हणून झिंकचा फारसा उपयोग दिसला नाही. झालेली सर्दी दोनेक दिवस आधी आटोपत असेल, पण त्याचीही खात्री कमी, आणि मळमळ, तोंडाची चव जाणं हे सोबत आहेच.

म्हणजे इतकी वर्षं तुम्ही वाचलात ते गोळीमुळे, असं म्हणायला आधार नाही. लशी घेतल्यात, काळजी घेतलीत, आजारही बदलत गेला. आणि ताई, याची दुसरी बाजू तुम्ही स्वतःला सांगायला हवी. तुमचे दीर झिंक मिळालं नाही म्हणून गेले नाहीत. "त्यांना वेळेवर सुरू केलं असतं तर" असं तुम्ही पत्रात दोन वेळा लिहिलंय. त्यांना ती गोळी पहिल्या दिवसापासून दिली असती तरी ती त्यांना वाचवू शकली असती, असं आज कुठलाही अभ्यास सांगत नाही. ती वाटी तुम्ही रोज कुणासाठी भरता, हे मला कळतं. पण घरातल्या जिवंत माणसांच्या पायांवर ते ओझं नको.

गुपचूप गोळी बदलण्याबद्दल माझं उत्तर स्पष्ट "नको" आहे. यजमानांना मुंग्या येताहेत, तपासण्या व्हायच्या आहेत. अशा वेळी "मी झिंक घेतोय" असं ते डॉक्टरांना सांगतील आणि पोटात दुसरंच काही असेल. कॅल्शियमही त्यांना हवं की नको, हे कुणी बघितलेलं नाही. आणि तुमच्या हातची वाटी ते इतकी वर्षं न बघता घेताहेत, त्या विश्वासाला मला धक्का लावायचा नाही. त्याऐवजी त्यांच्याशी पायांबद्दल बोला. "गोळी चुकीची आहे" म्हटलं की वाद होईल. "तुमच्या मुंग्यांचं कारण ही गोळी असू शकते, आपण रक्त तपासू आणि तोवर थांबवू" म्हटलं तर बहुतेक माणसं ऐकतात. थांबवणारी तुम्ही आहात, फेकून द्यायला सांगणारा मुलगा नाही, हेही त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं असेल.

सुनेचंही सांगते. तिने सिरप कुठून सुरू केलं असेल याचा मला अंदाज आहे. लहान मुलाला जुलाब झाले की ओआरएसबरोबर १४ दिवस झिंक देतात. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत रोज २० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ मध्ये जुलाबात झिंक द्यायला सांगितलं, आणि ते पक्क्या आधारावर उभं आहे. पण ते औषध आहे, त्याला शेवटचा दिवस असतो. ते पावसाळाभर टॉनिकसारखं चालू राहिलं की घोटाळा होतो. चार ते आठ वर्षांच्या मुलाची रोजची कमाल मर्यादा १२ मिलिग्रॅम आहे, आणि अशा सिरपच्या एका चमच्यात बहुतेक वेळा २० असतं. बाटलीवरचा आकडा आधी वाचा. नातवाचं रोजचं सिरप थांबवा आणि त्याच्या डॉक्टरांना एवढ्या महिन्यांचं सांगून ठेवा. मूल वाढत नसेल, सारखे जुलाब होत असतील, तर झिंक द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.

ज्यांना गोळी खरोखर लागते अशी माणसं आहेत, म्हणून बाकीच्या वाचकांनी हे वाचून सरसकट स्ट्रिपा फेकू नयेत. जुनाट जुलाब, गहू न सोसण्याचा आजार म्हणजे सिलिअ‍ॅक, आतड्याचे दाहाचे आजार, वजनासाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेली, यकृताचा जुना आजार, किंवा वय झालं आणि जेवण दोन घासांवर आलेलं, अशांना डॉक्टर झिंक देतात. डोळ्याच्या पडद्याच्या एका आजारात तर दिवसाला ८० मिलिग्रॅमपर्यंत देतात, पण त्या गोळीत २ मिलिग्रॅम तांबं मुद्दाम घातलेलं असतं. कुणाच्या देखरेखीखाली, किती दिवस आणि सोबत काय, हे लिहून दिलेलं असेल तर ती गोळी चालू ठेवा.

तुमच्या स्वतःच्या वाटीत थायरॉइडची गोळीही असते, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ती एकटीच घ्या, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. लोह, कॅल्शियम किंवा ते असलेलं मल्टिव्हिटॅमिन चार तासांनंतर. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तेव्हाही झिंकची गोळी बरोबर नको, त्या औषधाचं शोषण घटतं.

जेवणात फार उलथापालथ करायची गरज नाही. आपल्या माळव्याच्या गव्हावरच लोकांचं जस्त बरंचसं अवलंबून आहे, आणि मध्य प्रदेशातल्या कितीतरी शेतांत मातीतच जस्त कमी असल्याने शेतकऱ्यांना झिंक सल्फेट टाकावं लागतं. म्हणून पोळीच्या जोडीला काय आहे, याला महत्त्व. आठवड्यातून तीन-चार दिवस उसळ करा, मोड आणून. भिजवल्याने आणि मोड आल्याने फायटेट कमी होतं, आंबवल्यानेही, तेव्हा इडली-ढोकळाही चालेल. वरणाला, उसळीला लसूण-कांद्याची फोडणी द्या. धान्य-कडधान्यांतलं लोह आणि जस्त त्यामुळे अधिक मिळतं, असं म्हैसूरच्या सीएफटीआरआय संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवलंय. तीळ आणि भोपळ्याच्या बिया यांच्यात १०० ग्रॅमला सातेक मिलिग्रॅम जस्त असतं, शेंगदाणे-हरभऱ्यांत तीन-साडेतीन. तिळाची चटणी रोज दोन चमचे आणि दुपारी मूठभर फुटाणे, एवढ्यानेही फरक पडतो. यजमान अंडी खातात ना, मग तीही आहेतच. संध्याकाळची शेव तेवढी कमी करा, ती मधुमेहासाठी.

आणि त्यांना आजारपणापासून जपायचंच असेल, तर साठीपुढच्या मधुमेही माणसासाठी फ्लूची दरवर्षीची लस आणि न्यूमोनियाची लस याबद्दल याच भेटीत डॉक्टरांना विचारा. साखर आटोक्यात आणण्याने जेवढं संरक्षण मिळेल, तेवढं कुठल्याच गोळीने मिळणार नाही.

तोपर्यंत रात्री बाथरूमच्या वाटेवर एक मंद दिवा लावून ठेवा आणि पायपुसणं उचलून टाका. रोज रात्री त्यांचे तळवे बघा, बधिर पायाला जखम झालेली कळत नाही. तांबं कमी निघालं तर गोळ्या किती आणि किती दिवस ते डॉक्टर सांगतील, स्वतःहून दुकानातून आणू नका. तांब्याच्या लोट्यातलं पाणी प्यायची सवय असेल तर असू दे, पण तपासणीत कमतरता आली तर तेवढ्यावर विसंबू नका. रिपोर्ट हाती आले की मला नक्की कळवा.